हायब्रिड मीटिंग रूम म्हणजे काय? माइक, कॅमेरा आणि स्क्रीन एकत्र कसं काम करतात?

"मीटिंगला फोनवरून जॉइन झालो, पण खोलीत काय चाललंय ते कळलंच नाही." हा अनुभव तुम्हालाही कधी ना कधी आला असेल. दोष दर वेळी तुमच्या नेटचा नसतो. बऱ्याचदा तो त्या खोलीचा असतो. ही खोली नीट कशी बनवतात, त्यात कोणती यंत्रं लागतात आणि कमी खर्चात सुरुवात कुठून करायची, हे आज समजून घेऊया.

समजा, लातूर–बार्शी रस्त्यावरच्या मुरुडमध्ये (कोकणातलं नव्हे, लातूर तालुक्यातलं) एका शेतकरी उत्पादक कंपनीची बैठक आहे. पाच संचालक ऑफिसात टेबलाभोवती बसलेत. एक संचालक पुण्यात आहेत, सीए लातूरहून बोलणार आहेत आणि एक तरुण संचालक शेतातून मोबाइलवर आहे. विषय आहे सोयाबीन आत्ता विकायचं की गोदामात ठेवायचं. टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप उघडा आहे, डोक्यावर पंखा फुल स्पीडमध्ये. दहा मिनिटांत ऑनलाइनवाले गप्प होतात, कारण त्यांना ऐकूच येत नाही. मग निर्णय खोलीतले पाच जणच घेऊन टाकतात. नावाला मीटिंग आठ जणांची, प्रत्यक्षात पाच जणांची!

हायब्रिड मीटिंग रूम म्हणजे काय?

ज्या बैठकीत काही लोक खोलीत आणि काही लोक इंटरनेटवरून असतात, ती हायब्रिड मीटिंग. अशा बैठकीसाठी तयार केलेली खोली म्हणजे हायब्रिड मीटिंग रूम. यात माइक, स्पीकर, कॅमेरा, स्क्रीन, इंटरनेट आणि झूम, गुगल मीट किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्ससारखं अ‍ॅप या सगळ्या गोष्टी एकमेकांना जोडलेल्या असतात. या जोडणीलाच इंटिग्रेटेड ऑडिओ-व्हिज्युअल सिस्टिम म्हणतात.

खोली चांगली आहे की नाही, याची कसोटी एकच: बाहेरून जोडलेल्या माणसाला खोलीतल्या माणसाइतकंच ऐकू येतं का, दिसतं का आणि बोलता येतं का?

ही कल्पना किती जुनी?

बोलताना समोरच्याचा चेहरा दाखवणारा पिक्चरफोन अमेरिकेच्या बेल कंपनीने १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांना दाखवला होता. तो फार महाग पडला आणि चालला नाही. खरी उडी कोरोनात बसली. झूमच्या मीटिंगमध्ये रोज सामील होणाऱ्यांची संख्या डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १ कोटी होती, ती एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेली. तेव्हा सगळेच आपापल्या घरी, आपापल्या स्क्रीनसमोर होते. पुढे अर्धे लोक ऑफिसात परतले, अर्धे बाहेरच राहिले आणि खोलीचा प्रश्न तिथून सुरू झाला.

सगळ्यात आधी आवाज

चित्र थोडं अडखळलं तरी मीटिंग चालते. आवाज तुटला की मीटिंग संपली. म्हणून पहिला खर्च आवाजावर करायचा.

*अंतर:* मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. लॅपटॉपचा माइक समोर बसलेल्या एका माणसासाठी बनवलेला असतो. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, तीन मीटरवर बसलेल्या माणसाचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचेस्तोवर फारच क्षीण होतो, पण डोक्यावरचा पंखा मात्र तेवढाच घरघरत राहतो.

*घुमणं:* फरशी, काचेच्या खिडक्या, पत्र्याचं छत अशा कडक पृष्ठभागांवरून आवाज परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. जाड पडदे, सतरंजी, कापडी खुर्च्या, भिंतीला फोमचे पॅनेल यांनी हे कमी होतं. पडदा आणि सतरंजी हा सगळ्यात स्वस्त ऑडिओ अपग्रेड आहे.

*माइकची रांग:* चांगल्या कॉन्फरन्स माइकमध्ये एकापेक्षा जास्त छोटे माइक असतात. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दोन माइक १० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर बाजूने आलेला आवाज एकाला दुसऱ्यापेक्षा सुमारे ०.२९ मिलिसेकंद आधी मिळतो. एवढ्याशा फरकावरून यंत्र आवाजाची दिशा ओळखतं, त्या दिशेचा आवाज उचलतं आणि बाकीच्या दिशांचा दाबतं. याला बीमफॉर्मिंग म्हणतात.

एको: सगळं एकत्र का जोडायचं?

पुण्याचे संचालक बोलले. त्यांचा आवाज मुरुडच्या स्पीकरमधून बाहेर आला. तोच आवाज खोलीतल्या माइकने पकडला आणि परत पुण्याला पाठवला. आता त्यांना स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि बोलणं अशक्य होतं.

यावर उपाय म्हणजे एको कॅन्सलेशन. स्पीकरला कोणता आवाज पाठवलाय हे सिस्टिमला माहीत असतं. माइकमधून आलेल्या आवाजातून ती तेवढा भाग वजा करते आणि उरलेला, म्हणजे खोलीतल्या माणसांचा आवाज, पुढे पाठवते. अट एवढीच की स्पीकरमधून काय आणि कधी वाजतंय हे सिस्टिमला नेमकं कळलं पाहिजे. माइक एका लॅपटॉपचा, आवाज दुसऱ्याच फोनचा, असं झालं की हे गणित बिघडतं. टीव्हीचा स्पीकर वापरला तर तो आवाजावर स्वतःची प्रक्रिया करून थोडा उशिरा वाजवतो, त्यामुळेही गडबड होऊ शकते.

एकाच खोलीत दोघांनी एकाच मीटिंगला माइक-स्पीकर चालू ठेवून जॉइन केलं की कानठळ्या बसवणारी शिट्टी येते, तीही यामुळेच. एका फोनला दुसऱ्या फोनच्या स्पीकरचा हिशेब माहीत नसतो. म्हणून नियम लक्षात ठेवा: एका खोलीत एकच माइक सिस्टिम आणि एकच स्पीकर. बाकी सगळ्यांनी जॉइन होताना ऑडिओ बंद ठेवायचा.

कॅमेरा कुठे आणि कसला?

लहान खोलीत टेबल स्क्रीनच्या जवळ असतं, त्यामुळे सुमारे १२० अंशांपर्यंत रुंद दिसणारा कॅमेरा सोयीचा. लांबट खोलीत झूम करणारा कॅमेरा बरा. ऑटो-फ्रेमिंग असलेला कॅमेरा खोलीत जेवढी माणसं आहेत तेवढ्यांनाच चौकटीत बसवतो. स्पीकर ट्रॅकिंग असेल तर माइकने सांगितलेल्या दिशेला, म्हणजे बोलणाऱ्याकडे, कॅमेरा वळतो. माइक आणि कॅमेरा एकाच सिस्टिमचे असण्याचा हा दुसरा फायदा.

कॅमेरा स्क्रीनच्या लगेच वर किंवा खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीजवळ लावा. छताच्या कोपऱ्यात लावला तर बाहेरच्यांना फक्त टाळू दिसतात. लोकांच्या मागे खिडकी नको, नाहीतर चेहरे काळे पडतात.

स्क्रीन आणि केबल

शेवटच्या खुर्चीचं अंतर स्क्रीनच्या उंचीच्या सहापटीपेक्षा जास्त नसावं, असा एक ढोबळ नियम आहे. ५५ इंची टीव्हीची उंची साधारण ६८ सेंटिमीटर असते, म्हणजे तो सुमारे ४ मीटरपर्यंत ठीक. एक्सेल शीटमधले बारीक आकडे दाखवायचे असतील तर अजून जवळ बसा किंवा मोठा स्क्रीन घ्या.

केबलच्या लांबीवर लक्ष ठेवा. साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरपर्यंत चालते, त्यापुढे एक्स्टेंडर लागतो. खोलीतली यंत्रं लॅन केबलवर असतील तर पॉवर ओव्हर इथरनेटने त्याच केबलमधून वीजही देता येते. मूळ प्रकारात एका पोर्टमधून १५.४ वॉटपर्यंत.

फोनवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. फोनला टाइप-सी पोर्ट आहे म्हणून केबल लावली की टीव्हीवर चित्र येईलच असं नाही. त्यासाठी पोर्टमध्ये व्हिडिओ आउटपुटची सोय लागते आणि अनेक स्वस्त फोनमध्ये ती नसते. अशा वेळी वायरलेस कास्टिंग करा किंवा थेट मीटिंगमध्येच स्क्रीन शेअर करा.

इंटरनेट किती लागतं?

झूमच्या माहितीनुसार ग्रुप मीटिंगमध्ये ७२०पी व्हिडिओसाठी साधारण २.६ एमबीपीएस अपलोड आणि १.८ एमबीपीएस डाउनलोड लागतो. नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस पुरतात.

याचा हिशेब करूया. १.८ एमबीपीएसने तासाभरात फक्त डाउनलोडलाच सुमारे ८१० एमबी जातात. ८० केबीपीएसने फक्त आवाज ऐकला तर एका दिशेला ३६ एमबी. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर हा फरक मोठा आहे. रेंज कमी असलेल्या शेतातून जोडलेल्या माणसाने व्हिडिओ बंद केला, तर तो बेफिकीर आहे असं समजू नका. तो ऐकता यावं म्हणून तसं करतोय!

वेग एवढाच निकष नाही. आवाज एका टोकाकडून दुसरीकडे जायला १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. उशीर वाढला की दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात. खोलीतलं मुख्य यंत्र वायफायऐवजी लॅन केबलने जोडा. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून राउटर आणि मीटिंगचं यंत्र यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर ठेवा.

कायदा काय म्हणतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७३ नुसार संचालकांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने बोर्ड मीटिंगला हजर राहता येतं. मात्र यंत्रणा अशी हवी की कोण सहभागी झालं ते ओळखता येईल आणि कामकाज तारीख-वेळेसह रेकॉर्ड होऊन जपलं जाईल. कलम १७४ नुसार असे संचालक गणपूर्तीतही धरले जातात.

२०१४ च्या नियमांनुसार मीटिंगच्या सुरुवातीला अध्यक्षांनी हजेरी घ्यायची असते. व्हिडिओवरच्या संचालकाने आपलं नाव, कुठून बोलतोय, अजेंडा मिळाला का आणि शेजारी दुसरं कुणी ऐकत नाही ना, हे सांगायचं असतं. म्हणजे इथे माइक ही नुसती सोय राहत नाही. कोण काय म्हणालं, याचा तो पुरावा असतो. शेतकरी उत्पादक कंपनीसुद्धा कंपनी कायद्याखालीच नोंदलेली असते, त्यामुळे आपल्या कंपनीला कोणते नियम कसे लागू होतात, हे सीए किंवा कंपनी सेक्रेटरीला विचारून घ्या.

कोर्टातही हीच गोष्ट

बिझनेसच्या बाहेरचं मोठं उदाहरण म्हणजे न्यायालयं. लातूर आणि नांदेडची हायकोर्टातली प्रकरणं छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात चालतात. लातूरहून तिथे जायचं तर अडीचशे किलोमीटरहून जास्त प्रवास. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाच्या सुनावण्यांचं थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि त्याच दिवशी शिवसेनेतल्या वादाची सुनावणी लोकांनी मोबाइलवर पाहिली. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की, कोणत्याही हायकोर्टाने वकील किंवा पक्षकाराला व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वा हायब्रिड सुनावणीची सोय नाकारू नये. खेड्यातल्या पक्षकारासाठी याचा अर्थ एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं वाचणं. पण कोर्ट असो की कंपनी, आवाज नीट आला तरच ही सोय खरी.

कमी बजेटमध्ये कुठून सुरुवात करायची?

१. पंखा हळू करा, खिडक्या बंद करा, पडदे आणि सतरंजी लावा.
२. टेबलाच्या मधोमध एक यूएसबी स्पीकरफोन ठेवा. यात माइक, स्पीकर आणि एको कॅन्सलेशन एकत्र असतं. सहा-आठ जणांच्या खोलीचं काम बऱ्यापैकी भागतं.
३. लॅन केबल आणि राउटरला यूपीएस.
४. रुंद दिसणारा वेबकॅम, योग्य उंचीवर.
५. सगळ्यात शेवटी मोठा स्क्रीन.

बरेच जण क्रम उलटा लावतात. आधी भिंतभर टीव्ही घेतात आणि माइकला पैसे उरत नाहीत. रोज मीटिंग असेल तर स्क्रीनखाली लावायचा व्हिडिओ बार बघा. त्यात कॅमेरा, माइक आणि स्पीकर एकाच डब्यात येतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ब्लूटूथ स्पीकर चालेल का?* गाण्यांना उत्तम, मीटिंगला नको. तो आवाज उशिरा वाजवतो आणि त्याचा माइक, असलाच तर, सहसा जवळून बोलण्यासाठी असतो.

*जुना फोन कॅमेरा म्हणून वापरता येईल का?* हो. स्टँडवर लावून वेगळा जॉइन करा, पण त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा. चार्जर लावायला विसरू नका.

*मीटिंग रेकॉर्ड करावी का?* सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून करा आणि फाइल कुठे ठेवणार तेही ठरवा.

*खोली तयार आहे हे कसं ओळखायचं?* मीटिंगच्या आधी एकाने बाहेर जाऊन मोबाइल डेटावरून जॉइन व्हायचं आणि टेबलाच्या सगळ्यात लांबच्या खुर्चीवरून दुसऱ्याने सोयाबीनचे आजचे भाव वाचायचे. बाहेरच्याने ते आकडे न चुकता लिहून दाखवले, तर खोली तयार. नाही जमलं, तर माइक अजून जवळ सरकवा आणि पुन्हा वाचा.