सूर्याचे जळण

जे इंधन भडकून पेटते ते लवकर सरते, हा चुलीपुढचा अनुभव. एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी तो सूर्यास लावून पाहिला आणि त्यातून एक दीर्घ वाद उभा राहिला.

हिशेब आपल्या नित्य परिचयाचा होता : शिल्लक साठा भागिले रोजचा खर्च. सूर्य हा दगडी कोळशाचा गोळा मानला, तर इतक्या अवाढव्य साठ्यातूनही आजच्या तेजाने जेमतेम ५,००० वर्षे निघतात. पिरॅमिड बांधले गेले त्या सुमारास पेटलेला सूर्य एव्हाना विझत आला असता! तेव्हा १८५४ साली हेल्महोल्ट्झ याने निराळा उगम सुचविला : सूर्य स्वतःच्या भाराने आकुंचन पावतो आणि त्यातून उष्णता निघते. याच मार्गाने जाऊन विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, याने १८६२ साली सूर्याचे वय बहुधा १० कोटी वर्षांच्या आतच असावे, असा निर्णय दिला.

इकडे डार्विनने १८५९ साली दक्षिण इंग्लंडमधील वील्ड प्रदेशाची झीज होण्यासच सुमारे ३० कोटी वर्षे लागली असावीत, असा अंदाज केला होता. जीवसृष्टीच्या संथ उत्क्रांतीला अवधी हवा होता आणि सूर्याच्या खात्यात तो शिल्लक नव्हता. केल्विनच्या आकड्यांनी डार्विनला अखेरपर्यंत अस्वस्थ केले.

या कोड्याची उकल १९२० साली दृष्टिपथात आली. हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा हेलियमचा एक अणू किंचित हलका असतो, असे ॲस्टनच्या मोजमापावरून दिसले. ही तूट, सुमारे ०.७ टक्के, हेच ताऱ्यांचे इंधन असावे, असे एडिंग्टनने त्याच वर्षी कार्डिफ येथे मांडले. १९३९ साली बेथेने त्या प्रक्रियेचा तपशील सिद्ध केला. वजनास वजन धरले, तर हे इंधन कोळशाच्या सुमारे दोन कोटी पट उष्णता देते.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे सूर्य अत्यंत मंद जळतो. त्याच्या गाभ्यातील एका प्रोटॉनला दुसऱ्याशी एकरूप होण्याचा योग सरासरी अब्जावधी वर्षांनी येतो. दर किलोमागे पाहिले, तर स्वस्थ बसलेला माणूस सूर्याहून हजारो पट उष्णता निर्माण करतो! म्हणूनच सुमारे ४६० कोटी वर्षे जळूनही सूर्याचे निम्मे आयुष्य उरले आहे. उलट, त्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा हजारो पट तेजाने झगमगतो आणि दोन-तीन कोटी वर्षांतच आपला ठेवा उधळून बसतो. चुलीचा न्याय आकाशातही खोटा ठरत नाही.

केल्विनचा भागाकार बरोबर होता. साठ्याच्या यादीत एक नोंद नव्हती. सृष्टीच्या कोठारात आपणांस अज्ञात असा उगम नसेल तरच हे खरे, अशी पुस्ती त्याने १८६२ च्या लेखास स्वतःच जोडली होती. पुढील वादांत मात्र आकडा गाजत राहिला आणि पुस्ती मागे पडली.