‘बरा आहे’ या निकालाचा इतिहास: कन्सोलवरील मध्यम खेळ आणि त्यांचे समीक्षक

उत्तम खेळांचा इतिहास लिहायला सोपा असतो. १९९८ साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ या खेळाला जपानच्या ‘फामित्सू’ साप्ताहिकाने ४० पैकी ४० गुण दिले आणि असे पूर्ण गुण मिळवणारा तो पहिला खेळ ठरला, ही गोष्ट व्हिडिओ गेमच्या बहुतेक इतिहासांत सापडते. पूर्ण फसलेल्या खेळांनाही इतिहासकार मिळतात. अटारी कंपनीच्या ‘ई.टी.’ (१९८२) या खेळाची न खपलेली कार्ट्रिजेस अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात कचऱ्याच्या खड्ड्यात पुरली गेली, २०१४ साली ती उकरून काढण्यात आली, आणि त्यावर माहितीपटही निघाला.

दुकानात दर महिन्याला येणारे बहुसंख्य खेळ मात्र या दोन टोकांच्या मधले असत. समीक्षक त्यांच्याविषयी लिहीत: बरा आहे, या प्रकारची आवड असेल तर घ्या, विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणा. अशा निकालाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. ‘मध्यम’ हा शिक्का खेळाच्या अंगीच असतो, समीक्षक तो फक्त वाचून दाखवतो, अशी आपली समजूत असते. या टिपणात आपण ती तपासणार आहोत. मोजपट्टी कोणी आखली, सरासरी कोणी काढली आणि त्या आकड्यावर कोणाचे पैसे अडकले होते, हे पाहिल्याशिवाय ‘मध्यम’ या शब्दाचा अर्थ लागत नाही.

मोजपट्टी कशी तयार झाली

अमेरिकेत ‘व्हिडिओ’ नावाच्या नियतकालिकात १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘आर्केड ॲली’ हे सदर सुरू झाले. घरी खेळायच्या खेळांवर नियमित परीक्षण लिहिणाऱ्या पहिल्या सदरांत त्याची गणना होते. ते चालवणाऱ्या मंडळींनीच पुढे १९८१ साली ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे मासिक काढले. ब्रिटनमध्ये घरगुती संगणकांच्या लाटेवर आलेल्या ‘क्रॅश’ (१९८४) आणि ‘झॅप ६४’ (१९८५) या मासिकांनी टक्केवारीची चटक लावली. चित्रे इतके टक्के, ध्वनी इतके टक्के, एकूण इतके टक्के. शाळकरी वाचकाला ही भाषा लगेच कळत असे.

जपानमध्ये ‘फामित्सू’ १९८६ साली सुरू झाले. त्याची पद्धत वेगळी होती. चार समीक्षक तोच खेळ खेळत आणि प्रत्येक जण १० पैकी गुण देई. बेरीज ४० पैकी होई, पण चारही आकडे शेजारी शेजारी छापले जात. एखाद्या खेळाला ५, ८, ६, ७ असे गुण मिळाले तर बेरीज २६ येते. पण एकाला तो बराच आवडला आहे आणि एकाला नाही, हे वाचकाला त्याच चौकटीत दिसते. अमेरिकेच्या ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’नेही चौघांच्या गटाची रीत वापरली. पुढे काय हरवले हे समजण्यासाठी ही छोटी चौकट ध्यानात ठेवा.

दरम्यान कन्सोल बनवणारेच मासिकेही काढू लागले होते. ‘निन्टेन्डो पॉवर’ (१९८८) हे निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेचे स्वतःचे प्रकाशन होते. आपल्याच दुकानातल्या मालाला दुकानदार किती कमी गुण देणार? स्वतंत्र मासिकांची अडचण याहून थोडीच निराळी होती, कारण त्यांना मिळणाऱ्या जाहिराती खेळ काढणाऱ्या कंपन्यांच्याच असत.

सात म्हणजे किती?

दहापैकी गुण देताना मध्य कुठे असतो? गणिताने पाचच्या आसपास. १९९३ साली सुरू झालेले ब्रिटिश मासिक ‘एज’ पाच म्हणजे मध्यम असेच मानत आले, आणि त्यामुळे ते कंजूष म्हणून ओळखले गेले. बहुतेक अमेरिकी प्रकाशनांत मात्र मध्यम खेळ सातच्या आसपास येऊन बसला. त्याचे एक कारण अमेरिकी शाळेत शोधले जाते. तिथे साधारण सत्तरीतले टक्के म्हणजे ‘सी’, म्हणजे सर्वसाधारण, आणि साठच्या खाली नापास. अशा वर्गांतून बाहेर पडलेल्या समीक्षकाच्या आणि वाचकाच्या मनात पाच हा आकडा ‘मध्यम’ म्हणून उमटतच नाही. आपल्याकडे हेच उलटे आहे. ३५ ला उत्तीर्ण आणि ६० ला प्रथम वर्ग अशी सवय असलेल्या विद्यार्थ्याला ६५ गुणांचा खेळ चांगलाच वाटेल. अमेरिकेत तोच आकडा आईवडिलांना शाळेत बोलावण्याच्या लायकीचा. एकच आकडा दोन देशांत दोन गोष्टी सांगतो.

हा घोळ २००१ पासून पक्का झाला. त्या वर्षी ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ सुरू झाले. वेगवेगळ्या प्रकाशनांचे गुण १०० पैकी करून त्यांची भारित सरासरी काढायची आणि हिरव्या, पिवळ्या किंवा लाल चौकोनात एकच आकडा दाखवायचा, ही त्याची पद्धत. कोणत्या प्रकाशनाला किती भार, हे ते जाहीर करत नाही. चित्रपटांसाठी ६१ पासून हिरवा रंग लागतो. खेळांसाठी मात्र ७५ पासून. म्हणजे ६५ गुणांचा चित्रपट ‘सामान्यतः अनुकूल’ ठरतो आणि ६५ गुणांचा खेळ ‘संमिश्र किंवा सर्वसाधारण’. अक्षरी श्रेणी देणाऱ्या समीक्षकांचे काय झाले तेही पाहा. त्यांच्या ‘सी’चे इथे ५० झाले आणि ‘बी उणे’चे ६७. समीक्षकाने ‘तसा ठीक आहे’ म्हणून दिलेली ‘सी’ इथे आली की आकड्यांत गुण देणाऱ्यांच्या हिशेबाने तो खेळ जवळजवळ नापासच होई.

सहा गुणांची किंमत

मध्यम निकाल निरुपद्रवी असतो असे वाटत असेल तर २००७ सालची घटना अभ्यासावी. त्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कच्या आयओ इंटरॲक्टिव्हचा ‘केन अँड लिंच: डेड मेन’ हा खेळ बाजारात आला. प्रकाशक होते आयडॉस. ‘गेमस्पॉट’ या अमेरिकी संकेतस्थळावर त्याची जाहिरात इतकी मोठी होती की पानाची पार्श्वभूमीही त्या खेळाच्या चित्रांनी रंगवलेली होती. त्याच संकेतस्थळावर संपादक जेफ गर्स्टमन यांनी खेळाला १० पैकी ६ गुण दिले. हा खेळ टाकाऊ आहे असा त्याचा अर्थ नव्हता; त्या काळच्या मोजपट्टीवर तो मध्यमाच्या जरा खालचा निकाल होता. महिना संपण्याआधी गर्स्टमन यांना कामावरून काढून टाकण्यात आले.

जाहिरातदाराच्या दबावामुळे हे घडले, ही चर्चा लगेच सुरू झाली आणि कंपनीने ती नाकारली. पुढच्या महिन्यांत काही सहकारी स्वतःहून बाहेर पडले. गर्स्टमन यांनी २००८ साली ‘जायंट बॉम्ब’ हे स्वतःचे संकेतस्थळ काढले. मार्च २०१२ मध्ये ‘गेमस्पॉट’च्याच तेव्हाच्या मालक कंपनीने ते विकत घेतले, त्यांच्यावरचे मौनाचे बंधन सुटले, आणि मगच त्यांनी जाहीरपणे सांगितले की व्यवस्थापनातील माणसे जाहिरातदारांच्या दबावापुढे नमली होती. नामवंत खेळाला १० आणि भिकार खेळाला २ देणे त्या मानाने सुरक्षित असते, कारण त्यावर सहसा कोणी भांडत नाही. मोठी जाहिरात असलेल्या मध्यम खेळाला मध्यम म्हणणे हे खरे जोखमीचे काम. माझ्या मते साडेसात-आठ या गुणांची जी सूज त्या काळात दिसते, तिचा उगम शाळेच्या श्रेण्यांइतकाच या भीतीतही आहे.

त्याच मार्च २०१२ मध्ये आकड्याची दुसरी बाजू उघड झाली. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ (२०१०) हा खेळ ऑब्सिडियन या स्टुडिओने बेथेस्डा या प्रकाशकासाठी बनवला होता. ऑब्सिडियनचे ख्रिस अव्हेलोन यांनी ट्विटरवर सांगितले की करारात विक्रीवरचे मानधन नव्हते. ठरावीक रक्कम होती, आणि मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तरच बोनस. मिळाले ८४. हा खेळ मध्यम नव्हे, चांगलाच गणला जातो. पण परीक्षण लिहिणाऱ्याला कल्पनाही नसताना त्याचा अर्धा गुण कोणाच्या तरी पगाराशी बांधलेला असू शकतो, हे इथे दिसले. समीक्षक ग्राहकाला सल्ला देत होता. करार लिहिणाऱ्याने त्याला न विचारता परीक्षक करून टाकले.

याच्या उलट टोकाची चूकही होते. ब्रिटनच्या नॉटिंगहॅम येथील फ्री रॅडिकल डिझाइन या स्टुडिओचा ‘हेझ’ मे २००८ मध्ये आला, सरासरी पन्नाशीच्या मध्यावर राहिली, आणि डिसेंबरमध्ये स्टुडिओ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. ‘परीक्षणांनी स्टुडिओ मारला’ असे वाक्य सुचणे सोपे आहे. पण त्याच सुमारास त्यांच्या हातचे ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील मोठे कामही गेले होते. एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे होत नाही, हा इतिहासलेखनातला पहिला धडा इथेही लागू होतो.

सरासरी काय लपवते

२०१० साल या विषयासाठी सोन्याची खाण आहे. फेब्रुवारीत अमेरिकेत ‘डेडली प्रीमोनिशन’ हा जपानी खेळ २० डॉलर या स्वस्त किमतीत आला. एका अमेरिकी गावात खुनाचा तपास करणारा एफबीआयचा माणूस, जो अदृश्य मित्राशी बोलत राहतो, ओबडधोबड चित्रे, कंटाळवाणी गोळीबाराची दृश्ये, आणि गावातल्या प्रत्येक माणसाची स्वतःची दिनचर्या. ‘आयजीएन’च्या अमेरिकी आवृत्तीने त्याला १० पैकी २ दिले. ‘डिस्ट्रक्टॉइड’ने १० पैकी १०. गिनीजच्या नोंदीत हा खेळ भयपट-धाटणीच्या खेळांत समीक्षकांचे सर्वाधिक दुमत झालेला म्हणून गेला. आणि मेटाक्रिटिकवरची सरासरी? ६८. पिवळा चौकोन, ‘संमिश्र किंवा सर्वसाधारण’. पण एकाला असह्य आणि दुसऱ्याला अविस्मरणीय वाटणाऱ्या या खेळाला सर्वसाधारण कोण म्हणेल? सर्वांना थोडासाच आवडलेला एखादा कंटाळवाणा नेमबाजीचा खेळही ६८ वरच बसतो, आणि आकड्याला या दोहोंतला फरक सांगता येत नाही. ‘फामित्सू’च्या चार आकड्यांच्या चौकटीत तो पहिल्या नजरेत दिसला असता.

त्याच एप्रिलमध्ये योको तारो यांनी दिग्दर्शित केलेला ‘नियर’ आला. त्याचीही सरासरी साठीच्या उत्तरार्धात. परीक्षणे वाचली तर तक्रारी खऱ्या वाटतात: जुनाट चित्रे, एकसुरी कामे, वारंवार तीच ठिकाणे. एका अमेरिकी समीक्षकाने तर मासे पकडण्याच्या प्रसंगात अडकून खेळ अर्धवट सोडला आणि तसे प्रामाणिकपणे लिहिले. खेळ पुन्हा पुन्हा संपवल्यावर आधीच मारलेल्या शत्रूंची बाजू कळत जाते, हे या खेळाचे मर्म. मुदतीत मजकूर द्यायचा असलेल्या किती जणांना तिथवर पोहोचता आले असेल? तो बनवणारा काव्हिया हा स्टुडिओ त्याच वर्षी जुलैमध्ये मूळ कंपनीत विलीन झाला. सात वर्षांनी ‘नियर: ऑटोमाटा’ गाजला, आणि २०२१ साली मूळ खेळाची सुधारित आवृत्ती आली तेव्हा तिची सरासरी ऐंशीच्या वर गेली. इथे घाई करू नका. नव्या आवृत्तीत लढाई आणि चित्रे सुधारली होती, म्हणून ‘२०१० चे समीक्षक आंधळे होते’ असा निष्कर्ष निघत नाही. तोवर वाचकवर्ग बदलला होता, आणि पुन्हा पुन्हा खेळण्याची रीतही त्याला ठाऊक झाली होती, एवढेच खात्रीने म्हणता येते.

भारतातले जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील स्टुडिओचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून उलगडणारी कथा, भित्तिचित्रे आणि छायाबाहुल्या. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांसाठी त्याला नामांकन मिळाले. परीक्षणांत चित्रशैलीची आणि संगीताची स्तुती आहे, तर लढाई सैल आणि शेवट अचानक असल्याची तक्रार. दोन्ही बाबी एकाच आकड्यात घातल्या की उत्तर मधलेच येते. त्या आकड्यावरून ना शेवट कच्चा राहिल्याचे कळते, ना हे वातावरण कन्सोलवर किती अनोखे होते ते. वाक्ये वाचली तर दोन्ही कळते.

प्रकाशनांनाही हे बोचत होते. ‘युरोगेमर’ने फेब्रुवारी २०१५ मध्ये आकडे बंद करून ‘शिफारस’, ‘टाळा’ अशा शब्दांचे शिक्के आणले. २०२३ साली पाच ताऱ्यांची पद्धत आणली.

या विषयावर प्रकल्प करणाऱ्यांसाठी साधनांची एक अडचण नोंदवून ठेवतो. ‘वनअप’ हे संकेतस्थळ २०१३ साली बंद पडले, ‘जॉयस्टिक’ २०१५ साली, आणि सरासऱ्या जपणारे ‘गेमरँकिंग्ज’ २०१९ च्या डिसेंबरमध्ये. मेटाक्रिटिकवर एखाद्या जुन्या मध्यम खेळाचे पान उघडा. समीक्षकाचा आकडा आणि एकदोन वाक्यांचा उतारा तिथे असतो. मूळ परीक्षणाच्या दुव्यावर टिचकी मारली तर पुष्कळदा काहीच उघडत नाही.