डफड्यापासून डीजेपर्यंत

'डीजे' हा शब्द मूळचा माणसाचा. डिस्क म्हणजे तबकडी, जॉकी म्हणजे घोडेस्वार. तबकड्या निवडून, एका गाण्यातून दुसरे काढीत जो समोरच्यांना नाचवतो, तो डिस्क जॉकी. गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर 1980 च्या दशकात परदेशी तरुण रात्रभर नाचत, तेथे डीजे म्हणजे माणूसच. आपल्या कनेरगाव नाक्यावर मात्र "डीजे आला" म्हटले की स्पीकरच्या पेट्या लादलेली गाडी डोळ्यांपुढे येते. माणूस कुठे गेला, हाच आजचा प्रश्न.

हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे हे गाव मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या शिवेवरचे. 1948 पर्यंत इकडे निजामाचा अंमल, तिकडे वऱ्हाडात 1853 पासून इंग्रजांचा कारभार. राज्ये दोन, पण वाजंत्री एकच: डफडे, संबळ, सनई. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला की वाजवणाऱ्याभोवती माणसांचे कडे पडे. एखादा म्हातारा नाचायला उतरला की लय उतरे. पोरे तापली की चढे. वाजवणाऱ्याची नजर नाचणाऱ्याच्या पायावर असे.

पण या आठवणीला गोड मुलामा देऊ नये, बरे का. हे वाजवणे जन्माने गळ्यात पडलेले काम होते. मोबदला काय, तर बलुत्याचे धान्य नि उरलेसुरले अन्न. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी ते काम नाकारले, आणि ते योग्यच केले. तेव्हा डीजेने डफडे मारले असे जे म्हणतात, ते अर्धेच सांगतात.

मध्यंतरी पितळी बँड आला, तबकडी वाजवणारा कर्णा आला. खरा पालट केला तो कॅसेटने. 1980 नंतर ती स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंदे, आनंद-मिलिंद शिंदे यांचे आवाज खेड्याखेड्यांत गेले. भीमगीते वस्तीवस्तीत पोचली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारात वाजवले, त्यांच्या 14 एप्रिलच्या मिरवणुकीत आता त्यांचेच गाणे मोठ्याने वाजू लागले. हा मोठा आवाज नुसता गोंगाट नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

पुढे पेट्या वाढल्या, जनरेटर आला, आणि ते कडे मोडले. आता सर्वांची तोंडे गाडीकडे. मुली मोकळेपणी नाचतात, ही मिळकत खरी. पण लय उतरवायला कोणी उरले नाही. गाणे आधीच भरलेले असते, त्याला म्हातारा दिसत नाही. 2000 सालच्या केंद्रीय नियमांनी वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाही: दहा वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते. गाडीजवळ आकडा शंभराच्या पुढे सहज जातो. म्हणजे 55 च्या तीस हजार पटींहून अधिक! शिक्षक मित्रांनी हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. मुले सण सोडणार नाहीत, पण पेटीपासून चार हात लांब नाचतील.

गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत जनरेटर बंद पडला. गर्दी जागच्या जागी उभी राहिली; टाळी धरायचेही कोणाला सुचेना. एका आजोबांनी कोठून तरी जुने डफडे मागवले. कातडे सैल पडलेले, जाळावर शेकल्याशिवाय बोलेना. चार काटक्या पेटवून ते शेकत बसले. डफडे तापत आले, तोवर जनरेटर सुरू झाला होता.