मुखस्वच्छता, गंभीर आजारी वृद्धांची

वृद्ध व्यक्ती गंभीर आजाराने अंथरुणास खिळली असता तिचे दात, हिरड्या, जीभ व कवळी स्वच्छ ठेवणे आणि तोंडातील ओलावा टिकविणे, हा शुश्रूषेचा एक महत्त्वाचा भाग होय. निरोगी अवस्थेत लाळेमुळे तोंडातील जंतू धुतले जातात, तर गिळण्याच्या व खोकण्याच्या क्रियांमुळे ते श्वासमार्गापासून दूर राहतात. वार्धक्य, औषधे व बेशुद्धी यांमुळे हे संरक्षण दुबळे होते. जंतुयुक्त स्राव फुप्फुसात उतरतो व फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) उद्‌भवू शकतो.

दातांवरील थरात सूक्ष्मजीव असल्याचे आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. बर्लिन येथे संशोधन करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी डेटन मिलर यांनी १८९० च्या सुमारास मुखातील जंतूंचा शरीरातील अन्य रोगांशी संबंध जोडला. ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी १९०० मध्ये मुखातील पूयुक्त संसर्ग हे अनेक रोगांचे कारण असल्याचे प्रतिपादन केले. या मताचा पुढे अतिरेक होऊन असंख्य रुग्णांचे दात विनाकारण उपटण्यात आले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते मागे पडले.

कोपनहेगन येथील १९५२ च्या बालपक्षाघाताच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनालात नळी बसवून कृत्रिम श्वसन देण्याची पद्धती अवलंबिली. तीतूनच आधुनिक अतिदक्षता विभाग उदयास आले. मात्र, प्राण वाचविणारी ही नळी जंतूंनाही फुप्फुसाकडे जाण्यास वाट देते. गंभीर रुग्णांच्या घशात ग्रॅम-ऋण दंडाकार जंतूंचे प्रमाण वाढते, असे जोहॅन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखविले. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या दातांवरील थरातही श्वसनरोगकारक जंतू वस्ती करतात, असे स्कॅनापिएको व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९२ मध्ये आढळून आले.

जपानमधील ११ शुश्रूषागृहांतील वृद्धांवर योनेयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या दोन वर्षांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक जेवणानंतर परिचारिकांनी दात घासून दिलेल्या व आठवड्यातून एकदा दंततज्ञांकडून तोंडाची निगा राखलेल्या गटात फुप्फुसशोथाचे प्रमाण ११ टक्के, तर अशी निगा न लाभलेल्या गटात १९ टक्के होते. दात नसलेल्या वृद्धांनाही हा लाभ झाला.

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने मुख धुतल्यास हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांतील श्वसनसंसर्ग घटतो, असे १९९६ मध्ये दिसून आल्यावर त्याचा सर्वत्र प्रसार झाला. तथापि २०१४ मधील एका समीक्षेत इतर रुग्णांना त्याचा निश्चित लाभ आढळला नाही, उलट मृत्यूचे प्रमाण वाढत असावे अशी शंका निर्माण झाली. २०२२ मधील अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत कृत्रिम श्वसनावरील रुग्णांसाठी त्याऐवजी दात घासण्याची शिफारस करण्यात आली. २०२३ अखेरीस प्रसिद्ध झालेल्या, १५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात रोज दात घासण्याचा संबंध रुग्णालयात होणाऱ्या फुप्फुसशोथाच्या व अतिदक्षता विभागातील मृत्यूंच्या घटीशी दिसून आला. कृत्रिम श्वसनाचे दिवसही कमी झाले.

मऊ दातकुंचला, स्राव शोषून घेण्याची व्यवस्था, रात्री काढून धुतलेली कवळी आणि ओठांना लावलेले मलम, एवढीच सामग्री या कामी लागते. स्वतः गुळणी करू न शकणाऱ्या रुग्णास मात्र ती नियमाने वापरणारा हात लाभणे आवश्यक असते.