डेव्हिल्ड अंडी

डेव्हिल्ड अंडी हा कडक उकडलेल्या अंड्यांपासून तयार होणारा, थंड वाढला जाणारा पाश्चात्त्य पदार्थ आहे. सोललेल्या अंड्याचे उभे दोन भाग करून त्यातील बलक काढतात, तो कुस्करून त्यात मेयोनेज, मोहरी, मीठ, मिरी इत्यादी घटक कालवतात आणि हे सारण पांढऱ्या भागाच्या खळग्यात पुन्हा भरतात. या पदार्थास भरलेली अंडी असेही म्हणतात. अमेरिकेत ईस्टरचे भोजन, वनभोजन आणि ब्रंच अशा प्रसंगी तो विशेष प्रचलित आहे. सारणात कोणतीही चव सहज मिसळत असल्यामुळे मसाल्यांचे प्रादेशिक फेरबदल यात मोठ्या प्रमाणावर आढळतात.

नाव

'डेव्हिल' या इंग्रजी शब्दाचा अर्थ सैतान असा होतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिरी, मोहरी किंवा लाल तिखट घालून झणझणीत केलेल्या पदार्थांसाठी हा शब्द इंग्लंडमध्ये वापरला जाऊ लागला. पाककृतीच्या संदर्भातील त्याचा छापील उल्लेख १७८६ मधील आहे. म्हणजेच या नावाचा संबंध धर्मकल्पनेशी नसून तिखटपणाशी आहे. तरीही अमेरिकेतील काही भागांत, विशेषतः चर्चमधील सामूहिक भोजनात, हा शब्द टाळून 'स्टफ्ड एग्ज', 'ड्रेस्ड एग्ज' अशी नावे वापरली जातात.

'ब्रंच' हा शब्द ब्रेकफास्ट आणि लंच या दोन शब्दांचा संयोग आहे. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये लिहिलेल्या एका लेखातून तो रूढ झाला. मराठीत त्याचे वर्णन उशिराची न्याहारी आणि दुपारचे जेवण यांचे एकत्रित भोजन असे करता येईल.

इतिहास

अंड्याला मसालेदार जोड देण्याची पद्धत प्राचीन आहे. 'एपिशियस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाककृतिसंग्रहात उकडलेल्या अंड्यांवर घालण्याच्या रसांचे उल्लेख आहेत. बलक काढून, मसाला मिसळून पुन्हा भरण्याची कृती तेराव्या शतकातील अंदालुसियाच्या, म्हणजे आजच्या दक्षिण स्पेनच्या, एका अरबी पाकग्रंथात आढळते. त्या सारणात कोथिंबीर, कांद्याचा रस, मिरी व तेल हे घटक होते. पंधराव्या शतकापर्यंत भरलेली अंडी युरोपच्या इतर भागांतही परिचित झाली होती.

सारण बांधण्यासाठी मेयोनेजचा वापर तुलनेने अलीकडचा आहे. फॅनी फार्मर यांच्या १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बॉस्टन कुकिंग स्कूल कुक बुक' या ग्रंथात तो सुचविलेला आढळतो. विसाव्या शतकात बाटलीबंद मेयोनेज सर्वत्र मिळू लागल्यानंतर हीच कृती प्रमाण मानली गेली.

भारतातील रूपे

कोलकात्यात 'डिमेर डेव्हिल' नावाचा पदार्थ प्रसिद्ध आहे. त्यात उकडलेल्या अंड्याभोवती मसालेदार खिमा किंवा बटाट्याचे आवरण लावून, पावाचा चुरा थापून ते तळतात. नाव सारखे असले तरी हा गरम व तळलेला पदार्थ असून मूळ डेव्हिल्ड अंड्यांहून वेगळा आहे. गोव्यातील रेशाद मसाल्याचे नाव पोर्तुगीज भाषेतील 'भरलेले' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. लाल मिरची, लसूण व व्हिनेगर यांचा हा मसाला मुख्यतः मासे भरण्यासाठी वापरतात.

अमरावती व अकोल्यासह महाराष्ट्रातील अनेक गावांत संध्याकाळी आम्लेटच्या गाड्या लागतात. तेथे उकडलेले अंडे चिरून त्यावर मीठ, तिखट किंवा चाट मसाला भुरभुरून, कधी कांदा व कोथिंबीर घालून देतात. यात बलक काढून कालविला जात नाही, एवढाच मुख्य फरक आहे. चिरलेल्या अंड्याला वरून तिखट जोड देण्याचे तत्त्व मात्र दोन्हींत समान आहे.

अंडी उकडणे

पदार्थाची प्रत प्रामुख्याने अंडी कशी उकडली यावर ठरते. अगदी ताजी अंडी नीट सोलली जात नाहीत. ताज्या अंड्यातील पांढरा भाग कमी अल्कधर्मी असतो व कवचाच्या आतील पापुद्र्याला घट्ट चिकटतो. अंडे काही दिवस ठेवल्यास त्यातील कार्बन डायऑक्साइड कवचाच्या छिद्रांतून बाहेर पडतो, अल्कधर्मीपणा वाढतो आणि कवच सहज सुटते. अंडी थंड पाण्याऐवजी उकळत्या पाण्यात सोडल्यानेही सोलणे सोपे होते.

साधारण १० ते १२ मिनिटांत बलक पूर्ण घट्ट होतो. त्यानंतर अंडी लगेच थंड पाण्यात टाकतात. जास्त वेळ उकडल्यास बलकाभोवती हिरवट-करडे वलय उमटते. पांढऱ्या भागातील गंधकयुक्त वायू आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने तयार झालेले ते आयर्न सल्फाइड असते. ते अपायकारक नसते, परंतु सारणाचा रंग व वास त्यामुळे बिघडतो.

वऱ्हाडी पद्धतीच्या चवीची कृती

सहा अंड्यांपासून बारा तुकडे होतात. बलक कोरडा असतानाच काट्याने किंवा चाळणीतून बारीक करतात, कारण ओलावा मिसळल्यानंतर गुठळ्या मोडत नाहीत. त्यात तीन मोठे चमचे घट्ट चक्का किंवा अंडेविरहित मेयोनेज, अर्धा लहान चमचा हिरव्या मिरचीचा ठेचा, एक लहान चमचा जवसाची चटणी, अर्धा लहान चमचा फेसलेली मोहरी, थोडा लिंबाचा रस आणि बारीक चिरलेली कोथिंबीर घालतात. ठेचा व चटणी या दोन्हींत मीठ असल्याने वेगळे मीठ चव पाहूनच घालावे लागते. कांदा घालावयाचा असल्यास तो अगदी शेवटी घालतात, कारण मिठामुळे त्याला पाणी सुटून सारण सैल होते. चक्का पूर्ण निथळलेला नसल्यासही हाच दोष येतो.

पाश्चात्त्य कृतीतील तयार मोहरीचे काम येथे फेसलेली मोहरी करते. मोहरीचे दाणे पाण्याबरोबर वाटले असता त्यांतील विकर कार्यान्वित होऊन झणका निर्माण होतो. फोडणीच्या गरम तेलात हे विकर निष्क्रिय होते, म्हणून फोडणीतील मोहरी खमंग लागते, पण झोंबत नाही. लोणच्यात किंवा कोशिंबिरीत मोहरी फेसून घालण्यामागे हेच कारण आहे. भरलेल्या अंड्यांवर जिरे-मोहरीची फोडणी घालावयाची असल्यास ती पूर्ण गार करूनच घालतात.

सारण चमच्याने किंवा कोपरा कापलेल्या स्वच्छ पिशवीतून भरतात. तुकडे ताटलीत घसरू नयेत म्हणून पांढऱ्या भागाची तळाची बाजू किंचित कापून सपाट करतात. वरून लाल तिखट किंवा जवसाची भरड भुरभुरतात.

सुरक्षितता

कच्च्या अंड्यांपासून केलेले मेयोनेज हा या पदार्थातील सर्वांत जोखमीचा घटक होय. अंडी उकडल्याने साल्मोनेला जिवाणू नष्ट होतात, परंतु मेयोनेजमधील अंडी शिजविलेली नसल्यास तोच धोका सारणातून परत येतो. तेलंगणाने ३० ऑक्टोबर २०२४ पासून, तर तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये, कच्च्या अंड्यांच्या मेयोनेजवर प्रत्येकी एक वर्षाची बंदी घातली. पाश्चरीकृत अंड्यांचे किंवा अंडेविरहित मेयोनेज हा त्यास पर्याय आहे. चक्का वापरल्यास कच्च्या अंड्याचा प्रश्न उरत नाही, मात्र तोही थंडच ठेवावा लागतो.

अमेरिकी कृषी खात्याच्या सूचनेनुसार शिजविलेले अंड्याचे पदार्थ सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नयेत. तापमान ३२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त असल्यास ही मर्यादा एक तासाची आहे. अकोला व अमरावती येथे मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४४ अंशांपलीकडे जाते. त्यामुळे वऱ्हाडात उन्हाळ्यात लग्नकार्य, सहल किंवा प्रवास यांसाठी हा पदार्थ आधी करून ठेवणे धोक्याचे ठरते. अशा वेळी न सोललेली उकडलेली अंडी शीतकपाटात ठेवून वाढण्याच्या वेळी भरणे हा सुरक्षित मार्ग आहे. मिरची, लसूण, लिंबू यांमुळे चव वाढते, परंतु या प्रमाणात ते पदार्थ टिकविण्यास पुरेसे नसतात.

आहारसंकेत

भारतात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील खुणांच्या नियमांनुसार अंडे मांसाहारी गटात मोडते. अंडेविरहित मेयोनेजवर त्यामुळे शाकाहाराची हिरवी खूण असते.

अंड्याविषयीचे सामाजिक संकेत वऱ्हाडात एकसारखे नाहीत. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पावन मानले जाणारे महानुभाव पंथाचे तीर्थस्थान आहे. अहिंसेला मध्यवर्ती स्थान देणाऱ्या या पंथात मांसाहार वर्ज्य असून अनुयायी अंडीही वर्ज्य मानतात. अशा ठिकाणी पाहुण्यांपुढे हा पदार्थ ठेवणे अनुचित समजले जाते. तेच सारण बलकाऐवजी कुस्करलेले पनीर किंवा उकडलेला बटाटा घेऊन काकडीच्या किंवा टोमॅटोच्या पोकळ तुकड्यांत भरता येते. तेथे मेयोनेजही अंडेविरहितच घ्यावे लागते.

शालेय पोषण आहारातही हा प्रश्न पुढे आला. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्या विद्यार्थ्यांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा शासकीय निधी थांबविण्यात आला व इच्छुक शाळांना ती लोकसहभागातून देण्याची मुभा ठेवण्यात आली.

पोषणमूल्य

सुमारे ५० ग्रॅमच्या एका उकडलेल्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने आणि ५ ग्रॅम स्निग्धांश असतो. स्निग्धांश जवळजवळ पूर्णपणे बलकात असतो. अ व ड ही जीवनसत्त्वे तसेच कोलेस्टेरॉलही बलकातच असतात. मेयोनेजमध्ये तेलाचे प्रमाण मोठे असल्याने त्याऐवजी चक्का वापरल्यास स्निग्धांश व उष्मांक बरेच कमी होतात आणि प्रथिनांत थोडी भर पडते.