जहाजावर चढलेली नावे

गेल्या दिवाळीची सुटी लागायच्या आदल्या दिवशी पुसदकडच्या एका तांड्यावरचे वृद्ध गृहस्थ आमच्या शाळेत आले. नातीच्या जात पडताळणीसाठी त्यांना घराण्यातल्या कुणाची तरी १९६१ च्या आधीची नोंद हवी होती. कपाटातून जुनी दाखलखारीज रजिस्टरे काढली आणि आम्ही दोघे पिवळी पाने उलटीत बसलो. दीड तासाने त्यांच्या वडिलांचे नाव सापडले. वय वर्षे सात. जन्मतारीख १ जुलै. आडनावाची जागा कोरी. म्हातारबुवांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "गुर्जी, माहा बाप एवढा लहान होता काय?"

वडिलांना त्यांनी मरताना पाहिले होते. सात वर्षांचे मात्र त्या दिवशी प्रथमच पाहिले. कोणा अनामिक मास्तराने घाईत ओढलेली ती ओळ त्यांना केवढी मोलाची वाटली! अशीच एक ओळ शोधण्यासाठी साता समुद्रांपलीकडची आपली मराठी माणसे धडपडत असतात. वाचकांना आज त्यांचीच हकीकत सांगायची आहे.

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. इंग्रजांच्या पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि १ फेब्रुवारी १८३५ पासून तो मॉरिशसमध्ये लागू झाला. उसाच्या मळ्यांना आता हात कुठून आणायचे? मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. कायदा लागू होण्याच्याही आधी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे याच वाटेने गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेली. मुंबईहून गेलेली त्या मानाने थोडी. पण त्यांत रत्नागिरीकडची आपली कोकणी माणसे होती. आजही तिथे त्यांच्या घरी गणपती बसतात, आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर दगडी पायऱ्या आहेत. १८४९ पासून मजूर तिथे उतरत. 'आप्रवासी घाट' या नावाने ती जागा २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. पायऱ्या चढून वर आलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण, जहाज आणि कोणत्या मळ्यावर धाडले ते, अशी सारी माहिती वहीत उतरे. १८६० नंतरच्या दशकापासून छायाचित्रेही काढू लागले. ही माहिती कुणाच्या वंशजांसाठी जपलेली नव्हती. मजूर मळा सोडून पळाला तर तो धरता यावा, कराराची वर्षे मोजता यावी, एवढाच मतलब होता. पण पहारा करण्यासाठी लिहिलेला तोच कागद आज पणतूच्या हाती पणजोबांचा चेहरा देतो. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत, जी १९७० साली भारत आणि मॉरिशस यांनी मिळून उभारली, या वह्या ठेवल्या आहेत.

शोध मात्र सोपा नाही. त्याची पहिली पायरी घरातच असते. आजोबांचा मृत्यूचा दाखला, आजीचा लग्नाचा दाखला, त्यांत कुठे क्रमांक लिहिला आहे का ते पाहायचे. क्रमांक मिळाला तर निम्मे काम झाले. कारण नावावर विसंबून राहता येत नाही. मराठी न जाणणाऱ्या कारकुनाच्या कानावर जे पडले ते त्याने रोमन अक्षरांत लिहिले. समजा, रामजी नावाचा गडी उतरला. आडनाव विचारलेच नाही, किंवा त्याला सांगता आले नाही. मग त्याच्या मुलांचे आडनाव 'रामजी', नातवांचेही 'रामजी'. घराण्याचे मूळ आडनाव समुद्रात राहिले. गावाची तीच गत. एकाच नावाची दहा गावे, त्यात उच्चाराचा विचका. म्हणून तालुका आणि जिल्हा ताडून पाहावा लागतो.

२०२४ साली भारताने मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत 'ओसीआय' कार्ड द्यायचे जाहीर केले. तेव्हापासून या ओळींना सरकारदरबारीही नवे वजन आले आहे.

कुणी म्हणेल, इकडे हिंदुस्थानात खानेसुमारी नव्हती काय? होती तर! आमच्या वऱ्हाडात ती १८६७ सालीच झाली. पण आपल्या खानेसुमारीतून आकडे हाती लागतात, आजोबा लागत नाहीत. इंग्लंडात शंभर वर्षांनी घरोघरचे तक्ते लोकांना खुले होतात. १९२१ चे तक्ते २०२२ साली खुले झाले. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने माणसागणिक नोंदी पाहण्याची मुभाच नाही.

यवतमाळकराला तर आणखी एक गाठ सोडवावी लागते. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नाव वूण होते. १८५३ पूर्वी वऱ्हाड निजामाचे. मग इंग्रजांच्या ताब्यात. १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेले. १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. गाव जागचे हलले नाही, पण त्याचा कागद हैदराबाद, नागपूर, मुंबई असा फिरत राहिला. जुन्या दप्तरात 'यवतमाळ जिल्हा' शोधणारा म्हणून रिकाम्या हाताने परततो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मात्र गाव आणि कूळ सांगितले की पूर्वजांची सही निघते. अट एवढीच, की पूर्वज तिथवर जाऊ शकलेला असावा. ज्याला जाण्याची ऐपत नव्हती, किंवा ज्याला वहीजवळ येऊ दिले नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी उरतो शाळेचा दाखला, नाहीतर जहाजाची यादी.

त्या दिवशी मी म्हातारबुवांना उतारा करून दिला. त्यांनी तो पटक्याच्या घडीत जपून ठेवला. ते गेल्यावर मी माझ्याच हस्ताक्षरातले एक रजिस्टर सहज उघडले. जन्मतारीख माहीत नाही म्हणून किती पोरांना मी १ जुलैला जन्माला घातले होते! एका मुलीचे गाव चुकले होते, एकाच्या बापाचे नाव अर्धेच होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या कारकुनाला नावे ठेवण्याचा अधिकार मला कितपत होता?

यंदा जूनअखेर शाळा उघडली तेव्हा एक बाई पोराला घेऊन आली. मागे रांग लांब होती. तिने गावाचे नाव सांगितले, ते मला नीट कळले नाही. मी टाक थांबवला आणि म्हटले, "बाई, पुन्हा एकदा सांगा. सावकाश सांगा."