गरजेपुरता प्रवाह : एका संगणकीय कल्पनेचा इतिहास

संगणकशास्त्रात ‘प्रवाह’ हा शब्द आता इतका रुळला आहे की, मुळात ते एक रूपक होते याचे स्मरण सहसा राहत नाही. नदीचे पाणी कोणी मागो वा न मागो, वाहतच असते. संगणकातील माहितीने मात्र मागणी झाली तरच वाहावे, अशी अपेक्षा या शब्दाच्या तांत्रिक अर्थाला आरंभापासून चिकटलेली आहे. सर्व्हरवरील आज्ञावलीने फाइलचा प्रवाह केव्हा उघडावा, हा व्यावहारिक प्रश्न याच अपेक्षेतून उद्भवला आहे.

या कल्पनेचे दोन उगम दिसतात. पहिला भाषांच्या तात्त्विक विवेचनात आहे. पीटर लँडिन यांनी १९६५ साली अल्गोल ६० या भाषेचे विश्लेषण करताना, जिचे घटक मागणी होईपर्यंत निर्माणच होत नाहीत अशा यादीची कल्पना मांडली व तिला ‘प्रवाह’ हे नाव दिले. ख्रिस्तोफर वॉड्सवर्थ यांनी १९७१ मध्ये तिला शिस्त लावली : मूल्य गरजेच्या वेळीच काढावे, आणि एकदा काढले की जपून ठेवावे. १९७६ मध्ये फ्रीडमन व वाइज यांनी, आणि स्वतंत्रपणे हेंडरसन व मॉरिस यांनी, हाच विचार यादीच्या रचनेला लावला.

दुसरा उगम बेल प्रयोगशाळेतील आहे. आज्ञावली नळीप्रमाणे एकमेकींना जोडता याव्यात, असे डग्लस मॅक्‌इल्रॉय यांनी १९६४ मध्ये सुचविले होते. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ते युनिक्समध्ये उतरविले. नळी रिकामी असेल तर वाचणारी आज्ञावली थांबते, भरली तर लिहिणारी. वाहणे येथेही मागणीच्या अधीन आहे. परंतु फाइल उघडणे तसे नाही. फाइल उघडताच आज्ञावलीला एक क्रमांक मिळतो आणि असे क्रमांक मोजकेच असतात. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत एका प्रक्रियेला एका वेळी केवळ २० फाइली उघड्या ठेवता येत. म्हणजे एकही अक्षर न वाचता नुसते उघडणे हाही खर्चच होय.

२००९ मध्ये आलेल्या नोड.जेएस या सर्व्हर-प्रणालीत हा भेद ठळक झाला. तेथे वाचन मागणीप्रमाणे होते; परंतु फाइल-वाचनाचा प्रवाह निर्माण करताच फाइल उघडली जाते. हजारो फाइलींचे एक गाठोडे बांधावयाचे असेल आणि सर्वांचे प्रवाह आधीच निर्माण केले, तर वाचली जाते एक व अडवल्या जातात हजारो. मर्यादा ओलांडताच काम कोसळते. यावर उपाय असा की, प्रवाहाऐवजी तो उघडणारी क्रिया हाती ठेवावी व पहिल्या वाचनाच्या क्षणी ती चालवावी. वॉड्सवर्थ यांचीच ही शिस्त होय.

तथापि, हे साम्य पूर्ण नाही. गणिती मूल्य उशिरा काढले म्हणून बदलत नाही, फाइल बदलते. युनिक्समध्ये उघडलेल्या फाइलचे नाव पुसले गेले तरी ती बंद होईपर्यंत वाचता येते. न उघडलेल्या फाइलला हे संरक्षण नाही. शिवाय, फाइल नसल्याची चूक आरंभी न कळता अर्धे उत्तर ग्राहकाकडे गेल्यावर कळते. तोवर काम यशस्वी झाल्याचा २०० हा संकेतांक आधीच रवाना झालेला असतो.

बंद करण्याचा प्रश्न तर याहून बिकट आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हास्केल भाषेच्या आळशी वाचनात फाइल अखेरपर्यंत वाचली न गेल्यास ती उघडीच राहून जाते. वाचनापूर्वी बंद केल्यास मजकूर हाती लागत नाही. २००८ च्या सुमारास ओलेग किसेल्यॉव्ह यांनी मांडलेल्या पर्यायी पद्धतीमागे हीच अडचण होती.

तात्पर्य, विलंबाचे तत्त्व मूल्यांसाठी जन्मले आणि साधनांना लावले गेले. मूल्य विसरले तरी चालते, साधन परत करावे लागते. म्हणून उशिरा उघडण्याचा नियम, वेळेवर बंद कोणी करावयाचे हे ठरल्याखेरीज, अर्धाच राहतो.